आग्नेलो अंकलचं नाक

माझी थोरली बहीण अक्षदा घाबरली की बोलणं बंद करते आणि भांडी घासायला घेते. खरकटी नव्हे, घासलेलीच. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या घरातली भांडी इतकी लखलखत होती की आई वैतागून म्हणाली, आता कढई भिंतीवर टांगा आणि तिच्यात बघून भांग पाडा.

कारण तसंच होतं. ताई शिल्पकलेच्या दुसऱ्या वर्षाला एकदा नापास झाली होती. तिच्या कॉलेजात एकाच वर्षात दोनदा आपटलात की नाव कमी करतात, विनंतीअर्ज वगैरे भानगड नाही. आणि अख्खं वर्ष एका गोष्टीवर अडलं होतं: समोर बसलेल्या जिवंत माणसाचं डोकं मातीत करायचं, मग ते प्लास्टरमध्ये उतरवायचं. बस, एक डोकं. वर्गातल्या इतर पोरांना जमलं. आमच्या ताईला नाही, जिचा बाप लालबागला मूर्तिकार आहे आणि जिने पाटीवर श्री गिरवायच्या आधी शाडू मळला होता.

बाबांना तर हे झेपतच नव्हतं. आमचे बाबा, जयवंत मेस्त्री, दीड-दोन फुटांचे घरगुती गणपती करतात. पोरगी आर्टच्या कॉलेजात चालली तेव्हा ते गिऱ्हाइकांना मालवणीत सांगायचे, "मातयेतच वाढला ता. तेका ते काय शिकवतले?" नापासाचा कागद आला तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला, जणू पास मागच्या बाजूला लिहिलं असेल. मग एवढंच म्हणाले की यंदा नाय झाला तर कारखान्यात बस, गौरीचे मुखवटे तुझ्याइतके कोण करत नाय. रागाने नाही म्हणाले. उलट कौतुकाने म्हणाले, आणि ताईने त्या दिवशी कुकर दोनदा घासला.

आता गौरीचे मुखवटे म्हणजेच तर सगळा घोळ. गणपतीला नाक नसतं, सोंड असते. त्यामुळे आमच्या कारखान्यात नाक करायची वेळ येते ती फक्त गौरीसाठी, आणि गौरीचं नाक म्हणजे सरळ, बारीक, डावं-उजवं अगदी सारखं. ताईने बारावीपर्यंत अशी चारेकशे नाकं केली असतील, त्यातली निम्मी टीव्ही बघत. तिच्या अंगठ्याला ते नाक पाठ झालं होतं. मग कॉलेजात समोर वॉचमन बसवा, नाहीतर भाजीवाली बसवा, नाक गौरीचंच यायचं. सरळ नाकाचा, मिशीवाला, भाद्रपदात माहेरी आलेला वॉचमन.

तिचे टिपणीस सर आवाज कधीच चढवत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ताई म्हणते. ते प्रत्येक शब्दाची घडी घालून, इस्त्री करून समोर ठेवतात. ताई मला हे सगळं सपाट आवाजात सांगते, त्यामुळे सरांचा आवाज मलाच लावावा लागतो. तर त्या वॉचमनच्या डोक्याभोवती एक फेरी मारून सर म्हणाले होते, "मिस मेस्त्री, हे नाक कुणाचं?"

"मॉडेलचं, सर."

"असं? ते इथेच बसलेत. विचारून बघू या?"

आणि खरंच विचारलं. वॉचमन बिचारा लाजून म्हणाला की नाक छान आहे, आपल्याला आवडलं. वर्ग हसला आणि ताई नापास झाली.

दुसऱ्या खेपेला ती आणि लॅन्स असे दोघंच होते. लॅन्स माहीमचा. तो न जमल्यामुळे नव्हे, काम पुरं न केल्यामुळे नापास झाला होता, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, म्हणजे तसं तो दिवसातून दहा वेळा सांगायचा. दोघांना मिळून मॉडेल मिळाले आग्नेलो अंकल, गिरगावातल्या एका वाडीत राहणारे, गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेले. बारा दिवस रोज तीन तास ते स्टुलावर बसणार होते. बारा दिवसांनी वसईला लेकीकडे जाणार होते, तिच्या बाळंतपणासाठी. म्हणजे बारा म्हणजे बाराच. तेरावा दिवस नाही.

आणि त्यांचं नाक. ते नाक दोनदा मोडलं होतं. एकदा एकोणिसाव्या वर्षी फुटबॉल खेळताना, एकदा गोदीत लोखंडी हुक वळून लागला तेव्हा. अंकल ही गोष्ट रोज सांगायचे, कुणी विचारो न विचारो. पहिल्यांदा नाक उजवीकडे गेलं, दुसऱ्यांदा परत घरी आलं, पण ब्रेक लागला नाय, म्हणून थोडं पुढे गेलं. वरून खाली येताना ते नाक मध्येच रस्ता विसरल्यासारखं होतं, आणि डाव्या नाकपुडीच्या वर बोटाचं टोक बसेल एवढा खळगा.

पहिल्याच दिवशी टिपणीस सरांनी ताईचा पाण्याचा डबा उचलला. कारखान्यात दर तिसऱ्या हाताला ओला ब्रश फिरवायचा, मूर्ती गुळगुळीत करत जायचं, हे तिच्या अंगात भिनलेलं. सर म्हणाले, "पाणी लावलं की तुम्ही बघायचं थांबवता. डबा माझ्या केबिनमध्ये राहील." मग ताईचे हात काय करावं ते न कळून वेडे झाले. घरी जेवताना ती अंगठा बोटांवर घासत बसायची. आईला वाटलं हिला खरूज झाली, तिने कडुलिंबाचा साबण आणला.

पाण्याशिवायसुद्धा नाक सरळच येत होतं. रोज थोडं वाकडं करायची आणि दुसऱ्या दिवशी फडकं काढून बघितलं की रात्रीत कुणी इस्त्री केल्यासारखं. अंकल धीर द्यायचे. लॅन्स म्हणायचा, बिनधास्त ठोक एक बुक्की, होईल वाकडं.

आठव्या दिवशी अंकलच्या बायको, बेट्टी आंटी, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला आल्या. छत्री, पर्स, कडक साडी. नवऱ्याला घड्याळ दाखवलं, लॅन्सचं अर्धवट काम बघून छातीवर क्रॉस केला, आणि ताईच्या स्टँडपुढे येऊन उभ्या राहिल्या. मान तिरकी केली. मग फार गोड हसून म्हणाल्या, "व्हेरी नाइस, पोरी. हा कोण?"

टिपणीस सर दारात उभे होते. ते तिथूनच मागे फिरले. अंकलनी बायकोला कोपर मारलं. आंटींना बिचाऱ्यांना कळलंच नाही आपण काय केलं. त्या खरंच विचारत होत्या.

त्या दिवशी ताई घरी आली आणि तिने भांड्यांना हातसुद्धा लावला नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तारेने ते नाक कापून काढलं. पूर्ण. मातीचा चेहरा, मध्ये सपाट. आणि ती करायला लागली ते नाक नव्हेच, आधी तो खळगा. आधी भोक, मग त्याच्या बाजूने बाकीचं. अंकलना तीन वेळा म्हणाली, हलू नका. ते श्वास धरून बसले. लॅन्स सांगतो की ती इतका वेळ त्यांच्या नाकाकडे बघत होती की शेवटी म्हाताऱ्याने रुमाल काढून नाक पुसलं, काही लागलंय की काय म्हणून. अकराव्या दिवशी टिपणीस सर तिच्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ. मग काही न बोलता गेले. लॅन्स म्हणाला, काय बोलला नाय म्हणजे पास. ताईला वाटलं, काय बोलले नाहीत म्हणजे माझ्यावर पाणी सोडलं. दोघंही ते डोकं बघत उभे राहिले, आणि कुणाचं खरं ते त्या डोक्याने सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी डोळे केले. डोळे शेवटी. अंकलनी जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते वसईला गेले.

आता पुढचं नीट सांगते, कारण सगळं इथेच अडलंय. मातीचं डोकं तसंच ठेवता येत नाही, सुकलं की तडे जातात. म्हणून त्याच्यावर प्लास्टरचा साचा चढवायचा, आतली माती खरवडून काढायची, साचा आतून साबणाने धुवायचा, त्यात नवं प्लास्टर ओतायचं, आणि ते घट्ट झालं की वरचा साचा छिन्नीने फोडून काढायचा. साचा एकदाच वापरायचा, फोडला की संपला. मातीही गेलेली असते. म्हणजे आत जे असेल ते एकच, दुसरं जगात कुठे नाही. म्हणून साच्याचा सगळ्यात आतला, पातळ थर ज्या प्लास्टरचा द्यायचा त्यात नीळ घालतात. कपड्यांना घालतात ती. फोडताना पांढरं, पांढरं, आणि मग निळं दिसलं की समजायचं, याच्या खाली आपलं काम आहे, आता हात हलका. नीळ म्हणजे आत कुणीतरी झोपलंय, हळू, असं सांगणारी पाटी.

ताईने नीळ घातली नाही.

विसरली असं ती म्हणत नाही. तिच्या हाताने घातली नाही. आमच्या कारखान्यात साचे रबराचे, वर्षानुवर्षं चालणारे, ते कुणी फोडत नाही. आणि रंग ही सगळ्यात शेवटची गोष्ट. प्लास्टरच्या बादलीजवळ रंगाचा ब्रश नेला म्हणून मी लहानपणी बाबांचा धपाटा खाल्लाय, ताईने माझ्याहून जास्त. बादली पांढरी म्हणजे पांढरी. बुधवारी तिने बादलीत प्लास्टर कालवलं, नीटनेटकं, एकही गुठळी नाही, आणि पहिला थर दिला. गुरुवारी माती काढली, प्लास्टर ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या संध्याकाळी तिने भेळ आणली.

शुक्रवारी सकाळी दहाला दोघं छिन्नी घेऊन बसले. दुपारी तीनला परीक्षा, बाहेरून परीक्षक येणार. लॅन्सच्या साच्यातून पहिल्या पाच मिनिटांत निळ्या कपच्या उडायला लागल्या. तो शीळ घालत होता. ताईच्या साच्यातून पांढऱ्या. अजून पांढऱ्या. तिला वाटलं थर जाड दिलाय. मग तिची नजर फळीवर गेली. तिच्या नावाची निळीची पुडी तिथे बसली होती, तोंड बंद, दोरा बांधलेला.

तिने कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? सरांना कळलं असतं एवढंच. तिने छिन्नी आडवी धरली आणि हातोडीचा दांडा उलटा करून हळूहळू ठोकायला लागली. साचा आणि आतलं डोकं यांच्यामध्ये साबणाची फट असते, तिथे आवाज जरा पोकळ येतो. पण लॅन्सची शीळ, खाली बसचा हॉर्न, कॉरिडॉरमध्ये कुणीतरी स्टँड ओढतंय. ती प्रत्येक फटक्यानंतर थांबायची. कपाळ मोकळं केलं. गाल. एक कान, मग दुसरा. साडेबारा वाजले तेव्हा तिच्या कुडत्याची पाठ पिळून काढावी इतकी भिजली होती आणि फक्त नाक उरलं होतं.

नाक सगळ्यात पुढे. पुढे म्हणजे तिथे साचा सगळ्यात पातळ. हे तिला माहीत होतं आणि तरीही हात तेवढाच पडला जेवढा गालावर पडत होता. टक. मांडीवर काहीतरी पडलं. तिने उचललं. त्याला नाकपुडी होती.

तिने काय करावं? बारक्या मोडतोडीला चिकटवायचं असतं, सगळे चिकटवतात, सरांनाही चालतं. पण ताईने शांतपणे मांडीवरचा आणि खाली उडालेला असे दोन तुकडे गोळा केले, डोक्यावर ओलं फडकं टाकलं, आणि स्टँड फिरवून तोंड भिंतीकडे केलं. आमच्याकडे तशीच रीत आहे. डोळे रेखण्याच्या आधी मूर्तीला काही झालं तर दुरुस्त करायचं. डोळे झाल्यानंतर तुटली तर हात लावायचा नाही. झाकायची, भिंतीकडे तोंड करून ठेवायची, कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही, आणि वेळ बघून समुद्रात सोडायची. खंडित मूर्ती कुणाला देत नाहीत. अंकलचे डोळे बाराव्या दिवशी झाले होते. तिच्या हिशेबाने सगळं संपलं होतं. नाव कमी होणार, गौरीचे मुखवटे, सगळं. तिने वर्गातली हत्यारं नळाखाली धरली आणि धुवायला घेतली. स्वतःची, लॅन्सची, मग पहिल्या वर्षाच्या पोरांचीसुद्धा.

लॅन्सला पाऊण तास पत्ता नव्हता. मग तो काहीतरी मागायला आला, झाकलेलं डोकं बघितलं, फडकं उचललं, आणि म्हणाला, "च्यायला. अंकलचं तिसऱ्यांदा."

ताईने फडकं त्याच्या हातातून घेऊन परत टाकलं. त्याने परत काढलं. असं दोनदा झालं. त्याने विचारलं की फेव्हिकॉल हाय, प्लास्टर हाय, दीड तास हाय, प्रॉब्लेम काय? तिने त्याला सगळं सांगितलं, नीळ, डोळे, खंडित, समुद्र. आणि शेवटी खरं तेही सांगितलं. तीन तुकड्यांतले दोनच सापडले होते, तिसऱ्याची भुकटी झाली होती, आणि भुकटी झाली ती नेमकी खळग्याच्या जागी. तिथे तिने हात घातला की काय होणार हे तिला माहीत होतं. तिथे गौरी येणार.

लॅन्सने फडकं बाजूला टाकलं. त्याच्या तोंडातून मस्करी गेली होती.

"अक्षू, ऐक. हा देव नाय. अंकल हाय. देव व्हिडिओ कॉल उचलत नाय, अंकल उचलतो."

आणि त्याने फोन लावला.

आधी दिसला पंखा. मग बेट्टी आंटींची हनुवटी. मग कुणाचं तरी तान्हं बाळ, तीन दिवसांचं, लाल लाल. मग एकदाचे अंकल, बनियनवर. लॅन्सने भराभर सांगितलं. अंकलनी आधी विचारलं, पोरगी रडते का. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग होईल, आणि नाक फोनला इतकं जवळ आणलं की पडदा काळा झाला. आंटी मागून बोलत होत्या, लांब कर, अरे लांब, खिडकीकडे बघ, तुझं तोंड तुला दिसायला नको, तिला दिसायला पायजे. चित्र सारखं हलत होतं. मग ते एकदम थांबलं. आंटींनी फोन टेबलावर डब्याला टेकवून ठेवला होता. अंकलनी डोळे मिटले आणि स्वतःचं बोट त्या खळग्यात ठेवलं.

"हे बघ, पोरी. इथे. वरून आलीस की इथे खाली पडायचं."

ताईने दोन तुकडे चिकटवले. मग जाड प्लास्टर कालवलं. ते पाच-सात मिनिटांत दगड होतं, म्हणजे हात दोनदा फिरवायला मिळतो, फार तर तीनदा. ती एकदा फोनकडे बघायची, एकदा डोक्याकडे. अंकल बोट काढत नव्हते. तिचा हात सवयीने ओल्या ब्रशकडे गेला, सगळं सारवून गुळगुळीत करायला. ब्रश तिथे नव्हता. लॅन्सने तो आधीच खिडकीतून खाली टाकला होता. खालून कुणीतरी शिवी दिली, ती अंकलनाही ऐकू गेली आणि ते हसले, आणि हसताना त्यांचं नाक कसं हलतं ते ताईने बघून घेतलं.

तीनला पाच कमी असताना तिने सुरी खाली ठेवली. सांधे दिसत होते. लपवायला पाच मिनिटं होती आणि लपवायचं कसं ते तिला येतही होतं, म्हणूनच तिने हात मागे बांधून घेतले.

परीक्षक एक बाई होत्या, पिकलेले केस, गळ्यात चष्म्याची दोरी. त्या लॅन्सपाशी थांबल्या, पुढे आल्या. अंकलच्या डोक्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग चष्मा लावून नाकाजवळ वाकल्या आणि विचारलं की हे तुटलं होतं का.

"हो, मॅडम. तीनदा," ताई म्हणाली. "दोनदा त्यांचं त्यांच्याकडून. एकदा माझ्याकडून."

बाई हसल्या नाहीत. टिपणीस सर जमिनीकडे बघत होते. लॅन्सच्या बाजूला निळ्या कपच्यांचा सडा, ताईच्या बाजूला नुसता पांढरा चुरा. सरांनी शांतपणे विचारलं, "मिस मेस्त्री, नीळ?"

त्या क्षणी खोटं बोलता आलं असतं, असं ताई म्हणते. संपली होती, फिकी पडली, काहीही. तिच्या तोंडून निघालं की आमच्याकडे बादलीत रंग घालत नाहीत, सर, हाताने घातला नाही. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. तीन ओळी असाव्यात, कारण पेन तीनदा डावीकडे गेलं. तेवढंच तिला दिसलं. बाई म्हणाल्या, थँक यू, आणि ते पुढे गेले.

निकालाला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आमच्या स्टीलच्या डब्यांवरची नावं पुसट झाली, खोदून घेतलेली नावं. बाबा रोज एकदा विचारायचे की चिठी इली काय, आणि रोज एक गौरीचा जुना मुखवटा तिच्या उंचीच्या फळीवर आणून ठेवायचे. धमकी म्हणून नाही. त्यांना वाटायचं, पोरीला बरं वाटेल.

नोटीस बोर्डावरचा फोटो लॅन्सने पाठवला. डोक्याला पन्नासपैकी तेहतीस, साचाकामाला पन्नासपैकी अकरा. एकूण शंभरात चव्वेचाळीस, आणि पास चाळीसला. ताईने तो फोटो मोठा करून, लहान करून, आडवा करून बघितला. मग मला वाचायला लावला, मोठ्याने, माझ्या स्वतःच्या आवाजात, कुणाचा आवाज न लावता. मी वाचला. मग ती खाली कारखान्यात गेली, मी मागोमाग.

बाबा सोंडेला पॉलिश पेपर मारत होते. ऐकून त्यांनी मान हलवली, पेपर झटकला, परत मारायला लागले. मग त्यांनी विचारलं की तिसऱ्या वर्षाक काय करूचा आसता.

"अख्खा माणूस," ताई म्हणाली. "साडेपाच फूट. उभा."

"उभो?"

"उभा. आतून लोखंडी सळ्या वाकवून सांगाडा करायचा, मग त्याच्यावर माती. वजन चुकलं की सगळं घोट्यातून बसतं."

बाबांनी हात थांबवला आणि कारखान्यावरून नजर फिरवली. सव्वाशे गणपती, सगळे मांडी घालून बसलेले. ताईनेही त्याच दिशेने बघितलं, आणि मला दिसलं, तिचा अंगठा परत बोटांवर घासायला लागला होता. बाबा म्हणाले की सळयो वाकवूचा काम आपणाक येयत नाय, त्यांच्या बापाशीकही येयत नव्हता. कोण शिकवतलो?

टिपणीस सर, ताई म्हणाली, आणि जिना चढून वर गेली. दोन मिनिटांनी मोरीतून नळाचा आणि मागोमाग कढईचा आवाज आला.